इजिप्तच्या स्त्रियांचा मताधिकार आणि दोरिया शफीक

मिसरी कापसाचे नाव आपल्याकडच्या कापूस पिकवणाऱ्यांना नवीन नाही. लांब धाग्याचा तो कापूस बारीक सुतासाठी एके काळी मुंबईच्या गिरण्यांत बोटींनी येत असे. मिसर म्हणजे इजिप्त, आफ्रिका खंडाच्या ईशान्य टोकाचा देश. नाईल नदी समुद्राला मिळण्यापूर्वी फाट्याफाट्यांनी पसरते, त्या काळ्या जमिनीत हा कापूस पिकतो. आणि त्या कापूसपट्ट्याच्या ऐन मध्यावर तांता नावाचे शहर आहे. तिथे १४ डिसेंबर १९०८ रोजी, आजोळी, एका मुलीचा जन्म झाला. तिचे नाव दोरिया शफीक. वडील सरकारी नोकरीतले, घर मध्यम स्थितीतले. ह्या मुलीने पुढे पॅरिसला जाऊन डॉक्टरेट मिळवली, आणि मायदेशी परत येऊन देशातल्या स्त्रियांना मताचा हक्क मिळावा म्हणून पार्लमेंटच्या दारावर धडक दिली.

दोरियाबाईंनी आयुष्यात दोन मोठी उपोषणे केली. पहिल्याने स्त्रियांच्या मताधिकाराची वाट मोकळी झाली. दुसऱ्याने बाईंचे सार्वजनिक आयुष्यच संपले. आणि हे दुसरे उपोषण झाले ते कैरोतल्या आपल्या भारतीय वकिलातीत! तेव्हा ही हकीकत दूरदेशची असली तरी तिचा एक धागा आपल्या अंगणापर्यंत येतो.

आधी थोडी पार्श्वभूमी सांगायला हवी. १९१९ साली इजिप्तमध्ये इंग्रजांविरुद्ध मोठा उठाव झाला. त्या वेळी बुरख्यातल्या खानदानी स्त्रिया प्रथमच रस्त्यावर मोर्चाने आल्या. त्यांच्या पुढारी होत्या हुदा शाअरावी. देशाला नावापुरते का होईना स्वातंत्र्य मिळाले, १९२३ साली राज्यघटना झाली. पण निवडणुकीचा कायदा आला तेव्हा त्यात मताचा हक्क फक्त पुरुषांना होता. बायका गोळ्यांसमोर चालल्या तेव्हा कोणी त्यांना ‘घरी बसा’ म्हटले नव्हते. मतपेटी आली तेव्हा मात्र सगळ्यांना घराची आठवण झाली! त्याच साली हुदाबाईंनी इजिप्शियन स्त्रियांची संघटना काढली आणि कैरोच्या रेल्वे स्टेशनवर तोंडावरचा पडदा बाजूला केला. ही गोष्ट तिकडच्या शाळेतल्या मुलांनाही ठाऊक असते.

दोरिया त्या वेळी चौदा वर्षांची होती. आई लवकर गेली. आई ज्या फ्रेंच जोगिणींच्या शाळेत शिकली होती त्याच शाळेत, तांत्याला, आजीजवळ राहून ती शिकली. फ्रेंच परीक्षेत ती देशात वरच्या क्रमांकाने उत्तीर्ण झाली. पुढे काय? मुलींना तेव्हा कैरोच्या विद्यापीठाचे दार नुकते कुठे किलकिले होत होते. तिने सरळ हुदाबाईंना पत्र लिहिले. हुदाबाईंनी बोलावून घेतले, शिक्षणखात्याकडे शब्द टाकला, आणि १९२८ साली एकोणीस वर्षांची ही मुलगी सरकारी शिष्यवृत्तीवर पॅरिसच्या सॉर्बोन विद्यापीठात गेली.

पॅरिसमध्ये तिने तत्त्वज्ञानाचा अभ्यास केला. मध्यंतरी ती मायदेशी आली, एका सौंदर्यस्पर्धेत उतरून दुसरी आली आणि वर्तमानपत्रांचा रोष ओढवून घेतला. असो. १९३७ साली नूर अल-दीन रगाई ह्या नात्यातल्याच कायद्याच्या विद्यार्थ्याशी तिने पॅरिसमध्ये लग्न केले, आणि १९४० साली डॉक्टरेट मिळवली. तिथल्या रिवाजाप्रमाणे दोन प्रबंध लिहावे लागत. एक प्राचीन इजिप्तच्या कलेवर होता. दुसरा आपल्या विषयाच्या दृष्टीने महत्त्वाचा. त्याचा विषय होता आजच्या इजिप्तमधील स्त्री आणि धर्मशास्त्र. इस्लाम नीट समजून घेतला तर तो स्त्रीला खाली ढकलत नाही, ढकलतात त्या मागाहून साचलेल्या रूढी, असे तिचे म्हणणे होते. हे लक्षात ठेवा, कारण पुढच्या सगळ्या भांडणात तिने हीच भूमिका धरली. धर्म सोडून हक्क मागायचे, असे तिने कधी म्हटले नाही.

आता एवढी विद्या घेऊन आलेल्या बाईला विद्यापीठात जागा मिळायला काय हरकत होती? पण कैरोच्या विद्यापीठाने नकार दिला. पदवी कमी म्हणून नव्हे, तर बाई फार आधुनिक, तरुण मुलांना शिकवायला अशी बाई कशी नेमायची म्हणून! मग शिक्षणखात्यात फ्रेंच विषयाच्या निरीक्षक म्हणून त्यांनी काही काळ नोकरी केली. शाळा तपासणीला आलेले साहेब आपण पाहतो; त्या काळी त्या खुर्चीत ही सॉर्बोनची डॉक्टर बसली होती. मला तर नेहमी वाटते, त्या विद्यापीठाने त्यांना एक वर्ग दिला असता तर इजिप्तला एक चांगली प्राध्यापिका मिळाली असती आणि सरकारची झोप मोडली नसती.

वर्ग मिळाला नाही, म्हणून त्यांनी मासिक काढले. १९४५ साली एका फ्रेंच नियतकालिकाचे संपादन त्यांच्याकडे आले. त्यामागे राजघराण्यातल्या एका राजकन्येचा पैसा होता, आणि ते वाचणार कोण, तर फ्रेंच येणाऱ्या बड्या घरच्या बायका. हा आरोप बाईंना बोचला. त्याच वर्षी त्यांनी अरबीत दुसरे मासिक सुरू केले. त्याचे नाव ‘बिन्त अल-नील’, म्हणजे नाईलची लेक. इतिहासाचे कामही चालूच होते. इब्राहिम अब्दू ह्या लेखकाबरोबर त्यांनी इजिप्तच्या स्त्रियांच्या जागृतीवर अरबीत ग्रंथ लिहिला, आणि फॅरोंच्या काळापासून आजपर्यंतच्या इजिप्शियन स्त्रीचा इतिहासही लिहिला. ह्या देशात स्त्रीने राज्य केले आहे, जमीन बाळगली आहे, हे त्या पुराव्यानिशी दाखवीत.

१९४८ साली त्यांनी ‘बिन्त अल-नील’ ह्याच नावाचा संघ स्थापन केला. मागणी दुहेरी होती: मताचा हक्क आणि अक्षरज्ञान. कैरोत बूलाक नावाची कामकऱ्यांची वस्ती आहे. तिथे त्यांनी प्रौढ बायकांना लिहावाचायला शिकवण्याचे वर्ग काढले. नोकरी शोधणाऱ्या बायकांसाठी नोंदणीची कचेरी उघडली, काम करणाऱ्या बायकांना स्वस्तात जेवण मिळावे म्हणून खाणावळ घातली. एवढे करूनही टीकाकार त्यांना ‘अत्तर लावणारी पुढारीण’ म्हणत. बाई नीटनेटकी राहते, उंची कपडे घालते, म्हणून तिचे म्हणणे खोटे! पुरुष पुढाऱ्यांच्या कोटाचा कपडा कोणी चाचपून पाहिल्याचे ऐकिवात नाही. पण टीकेत थोडे तथ्यही होते, ते नाकारून चालणार नाही. शेतकऱ्यांच्या बायकांपर्यंत, ज्यांना तिकडे फेलाह म्हणतात त्यांच्या घरांपर्यंत हा संघ पोचायला फार वेळ लागत होता.

विरोधकांचा मुख्य मुद्दा कोणता होता? ‘बायका निरक्षर आहेत, त्यांना मत कसलं द्यायचं?’ वरवर पाहता पटण्यासारखा वाटतो. पण पाहा, त्याच देशात निरक्षर पुरुषाला मत होते. अंगठा उठवणारा पुरुष मतदार, आणि सॉर्बोनची डॉक्टर मात्र नाही! दोरियाबाईंनी ह्याच विसंगतीवर बोट ठेवले. आणि निरक्षरता घालवायची तर तिच्यासाठी कायदे करायला, पैसा मंजूर करायला पार्लमेंटमध्ये बायकांचा आवाज नको का, हा त्यांचा पुढचा प्रश्न. धर्माच्या बाजूनेही विरोध आला. १९५२ साली अल-अझहर ह्या जुन्या धर्मपीठातल्या पंडितांच्या समितीने स्त्रियांच्या राजकीय हक्कांविरुद्ध मत दिले. सगळे पंडित एका विचाराचे नव्हते, आणि बाईंचा प्रबंध ह्याच प्रश्नावर झालेला असल्यामुळे त्या वादात त्यांना कोणी सहजासहजी गप्प करू शकले नाही.

त्याआधीच एक मोठी घटना घडून गेली होती. तारीख १९ फेब्रुवारी १९५१. कैरोच्या अमेरिकन विद्यापीठात युअर्ट हॉल नावाचे सभागृह आहे. तिथे स्त्रियांची परिषद भरणार असे जाहीर झाले. सुमारे दीड हजार स्त्रिया जमल्या. हुदाबाई तोवर वारल्या होत्या. त्यांच्या संघटनेच्या सेझा नबरावी ह्याही आल्या होत्या. दोरियाबाई व्यासपीठावर उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या की भाषणे पुष्कळ झाली, आता पार्लमेंटकडे चला. पार्लमेंट काही लांब नव्हते, चार रस्ते ओलांडले की आले. पोलिसांना सुगावा लागायच्या आत बायका फाटकातून आत शिरल्या. काही तास सभागृहाचे काम बंद पडले. अखेर वरिष्ठ सभागृहाच्या अध्यक्षांकडून तोंडी आश्वासन मिळाले की तुमच्या मागण्यांचा विचार करू. तेव्हा कुठे मोर्चा परतला.

आश्वासनाचे पुढे काही झाले नाही. झाले ते एवढेच की बाईंवर खटला भरला गेला. त्यांची बाजू मांडायला मुफीदा अब्देल रहमान ह्या स्त्री-वकील उभ्या राहिल्या. कोर्ट गर्दीने भरून गेले, आणि सरकारला कळून चुकले की हा खटला चालवण्यात आपलीच शोभा होणार. तो बेमुदत तहकूब झाला, तो कायमचाच. पुढच्या वर्षी जानेवारीत, इंग्रजांविरुद्ध वातावरण तापले असताना, बाईंच्या संघाच्या स्त्रियांनी कैरोतल्या एका बड्या इंग्रजी बँकेला वेढा घातला.

जुलै १९५२ मध्ये लष्करी अधिकाऱ्यांनी क्रांती केली. राजा फारूक देश सोडून गेला. जनरल नगीब पुढे आले; त्यांच्या मागे खरी सत्ता हळूहळू कर्नल नासर ह्यांच्या हाती जात होती. दोरियाबाईंना आशा वाटली. पण मार्च १९५४ मध्ये नवी राज्यघटना करण्यासाठी सभा नेमायचे ठरले तेव्हा तिच्यात एकाही बाईला जागा नाही, असे दिसून आले. १२ मार्चला बाई वृत्तपत्रकारांच्या संघटनेच्या कचेरीत गेल्या आणि अन्न सोडून बसल्या. बरोबर आणखी काही जणी बसल्या. अलेक्झांड्रिया शहरातही काही स्त्रियांनी उपोषण आरंभले. जागा हुशारीने निवडली होती: वृत्तपत्रकारांच्याच घरात उपोषण, म्हणजे बातमी दडपणार कोण?

आठ-दहा दिवस गेले. बाईंची प्रकृती ढासळली. जगभरच्या पत्रांत बातम्या येऊ लागल्या. अखेर कैरोचे गव्हर्नर निरोप घेऊन आले: अध्यक्ष नगीब म्हणतात की नव्या घटनेत स्त्रियांना पूर्ण राजकीय हक्क मिळतील. १९५१ साली तोंडी शब्दावर फसलेल्या बाई म्हणाल्या, लिहून द्या. गव्हर्नरांनी लिहून दिले. मगच उपोषण सुटले. गंमत पाहा, ज्या नगीबांच्या नावाने तो कागद आला त्यांनाच त्याच वर्षी नोव्हेंबरात नासरनी पदावरून दूर करून घरात नजरकैदेत ठेवले. तरी कागद राहिला. १९५६ च्या राज्यघटनेने इजिप्तच्या स्त्रियांना मत देण्याचा आणि निवडून येण्याचा हक्क दिला. तेहेतीस वर्षांची मागणी पुरी झाली.

पण कायद्याच्या बारीक अक्षरात एक मेख होती. पुरुषाचे नाव मतदारयादीत आपोआप चढणार, त्याला मतदान सक्तीचे. बाईचे नाव मात्र तिने स्वतः अर्ज केला तरच चढणार. शहरातली शिकलेली बाई अर्ज करील. खेड्यातली, अक्षर न येणारी, कचेरीची पायरी न चढलेली बाई कुठून करणार? आपले शिक्षक मतदारनोंदणीच्या कामावर घरोघर जातात. यादीत नाव येणे आणि न येणे ह्यांतले अंतर त्यांना सांगायला नको. तरीसुद्धा १९५७ च्या निवडणुकीत दोन स्त्रिया निवडून आल्या, रावया अतीया आणि अमीना शुक्री. त्यांपैकी रावयाबाई पूर्वी शिक्षिका होत्या.

त्या निवडणुकीच्या आधीच दोरियाबाईंचे दुसरे उपोषण घडून गेले होते, आणि आता आपण वकिलातीच्या दाराशी येतो.

१९५६ च्या अखेरीस सुवेझचे युद्ध झाले. इंग्लंड, फ्रान्स आणि इस्रायल ह्यांनी इजिप्तवर हल्ला केला. इंग्रज, फ्रेंच मागे गेले, पण १९५७ च्या सुरुवातीला इस्रायली फौजा अजून इजिप्तच्या भूमीवर होत्या. नासर जनतेच्या गळ्यातले ताईत झाले होते. त्यांच्याविरुद्ध ब्र काढणे म्हणजे देशद्रोह, अशी हवा होती. पक्ष बरखास्त झालेले, वर्तमानपत्रांवर पहारा बसलेला. ६ फेब्रुवारी १९५७ रोजी दोरियाबाई भारतीय वकिलातीत गेल्या आणि तिथेच आमरण उपोषणाला बसल्या. मागण्या दोन होत्या. इस्रायलने आमची भूमी तात्काळ सोडावी, ही पहिली. इजिप्तच्या सरकारने स्त्रीपुरुष सर्व नागरिकांना संपूर्ण स्वातंत्र्य द्यावे आणि हुकूमशाही संपवावी, ही दुसरी.

भारताचीच वकिलात का? कारण भारत कोणत्याच गटातला नव्हता, सुवेझच्या वेळी तो इजिप्तच्या बाजूने उभा राहिला होता, आणि उपोषण म्हणजे काय हे त्या घरात समजावून सांगावे लागणार नव्हते. त्या वेळी कैरोत आपले राजदूत होते अली यावर जंग. हेच पुढे महाराष्ट्राचे राज्यपाल झाले. त्यांच्यापुढे किती अवघड प्रसंग उभा राहिला असेल! नासर नेहरूंचे मित्र. आणि त्या मित्राला हुकूमशहा म्हणणारी बाई आपल्या छताखाली उपाशी बसलेली. पंडित नेहरूंनी नासर ह्यांच्याकडे शब्द टाकला म्हणून तुरुंगाऐवजी घरातच नजरकैद झाली, असे बाईंच्या संदर्भात सांगितले जाते.

बाईंना खरा घाव बसला तो सरकारचा नव्हे, आपल्याच माणसांचा. मताच्या लढ्यात खांद्याला खांदा लावून चाललेल्या स्त्री-पुढाऱ्यांनी पत्रक काढून त्यांचा निषेध केला. सह्या करणाऱ्यांत सेझा नबरावीही होत्या. त्यांनी स्वतः उभारलेल्या ‘बिन्त अल-नील’ संघानेही त्यांना दूर केले. त्या मैत्रिणींची अडचण मला समजते. परचक्र दारात असताना घरातले भांडण उकरू नये, असे कोणालाही वाटेल. शिवाय नुकताच हाती आलेला हक्क ह्या एका बाईच्या हट्टापायी जाईल, ही भीती होती. वेळ चुकली, असे म्हणता येईल. पण मागणी चुकली असे मला म्हणवत नाही. बाईंचा हिशेब साधा होता. पक्ष नाहीत, पत्रे मोकळी नाहीत, सरकारला विरोध करता येत नाही, अशा ठिकाणी मिळालेले मत टाकायचे कोणासाठी? पुरुषांची स्थिती तरी कुठे निराळी होती? म्हणूनच दुसऱ्या वेळी त्यांनी नुसते स्त्रियांसाठी मागितले नाही, ‘स्त्रीपुरुष सर्व नागरिकांना’ असे शब्द घातले.

मासिके बंद झाली. वर्तमानपत्रांत त्यांचे नाव छापायला बंदी झाली. १९६२ साली हिकमत अबू झैद ह्या इजिप्तच्या पहिल्या स्त्री-मंत्री झाल्या, तेव्हा ज्या बाईने हा रस्ता पाडला तिचे नाव मुलींच्या कानावरही पडत नव्हते. नाईल नदीतल्या झमालेक बेटावर, इमारतीच्या सहाव्या मजल्यावर, दोरियाबाई राहत होत्या. पहारा पुढे उठला, पण त्या फारशा बाहेर पडल्या नाहीत. लग्नही मोडले. दोन मुली मोठ्या झाल्या, त्यांच्या संसाराला लागल्या. बाई लिहीत राहिल्या: फ्रेंचमधून कविता, कुराणाचे भाषांतर, आणि आठवणी, ज्या छापायला कोणी धजणार नव्हते. अशी अठरा वर्षे गेली. २० सप्टेंबर १९७५ रोजी त्या घराच्या सज्जातून खाली पडून त्यांचा अंत झाला. त्यांनी स्वतःच जीवन संपवले असे मानले जाते.

त्यानंतर चार वर्षांनी, १९७९ साली, निवडणुकीचा कायदा बदलला आणि पुरुषांप्रमाणे स्त्रियांचीही नावे अर्जावाचून मतदारयादीत येऊ लागली.

बाईंच्या लिखाणाचे गठ्ठे मुलींनी जपून ठेवले होते. ते त्यांनी सिंथिया नेल्सन ह्या मानववंशशास्त्राच्या अभ्यासक बाईंच्या हाती दिले, आणि त्यांच्या आधाराने लिहिलेले चरित्र १९९६ साली प्रसिद्ध झाले. ह्या नेल्सनबाई शिकवीत होत्या कैरोच्या त्याच अमेरिकन विद्यापीठात, जिथल्या सभागृहातून १९५१ साली दीड हजार बायका पार्लमेंटकडे निघाल्या होत्या.